मुक्ता, हेल्मेटचे पैसे कशाचे द्यायचे ते सांगतो

सातारा

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला हेल्मेटचा फोटो पाहिला. जपानी, पन्नास हजारांच्या वरचं, आणि खाली तुझा प्रश्न: "बाबा, हे घेतलं तर जास्त सेफ ना?" फोनवर गाडीचा रंग आणि हप्ते यांतच वेळ गेला आणि ते राहिलं. पहिल्या बोनसमधून बाकी काही न घेता आधी डोक्याचा विचार केलास याचा मला फार आनंद झाला. म्हणूनच उत्तर घाईत द्यायचं नव्हतं.

आधी थेट सांगतो. रस्त्याकडेला तीनशे रुपयांत मिळणाऱ्या टोपीपेक्षा बाराशे-पंधराशेचं खरं आयएसआय हेल्मेट कितीतरी जास्त वाचवतं. तिथे पैशाचा फरक म्हणजे जिवाचा फरक. पण पाच हजारांच्या चांगल्या हेल्मेटपेक्षा पन्नास हजारांचं दहापट सुरक्षित असतं असं अजिबात नाही. काही वेळा तर महागडं थोडं मागे पडतं. ते का, हे कळलं की दुकानात तुला कुणी फसवू शकणार नाही.

मध्यंतरी आपल्या दुकानात मी दोन हेल्मेटं करवतीने उभी कापून काउंटरवर ठेवली. एक हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेलं असतं तसलं. करवत त्यातून सरसर गेली. वर पातळ प्लास्टिक, आत बोटभर स्पंज, त्याला चिकटवलेलं काळं कापड, आणि बस. अंगठ्याने दाबलं की स्पंज थेट कवचाला टेकतो. दुसरं आपल्या एका गिऱ्हाइकाचं. तो पावसात घसरला, डोकं दुभाजकावर आपटलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी नवीन हेल्मेट घ्यायला आला. बाहेरून त्यावर फक्त चार ओरखडे होते, त्यामुळे "काका, हे अजून चालेल की," असं तो म्हणत होता. कापल्यावर दिसलं की कानशिलाच्या बाजूला आतला थर्माकोल चांगलाच चेपला होता आणि त्याला आडवी चीर गेली होती. तो थर्माकोल चेपला म्हणून त्या पोराच्या मेंदूला बसायचा हिसका कमी झाला. बाहेरचं कवच मार पसरवतं, टोकदार वस्तू आत शिरू देत नाही. डोकं मात्र हळू थांबवतो तो हा थर्माकोल. एकदा चेपला की तो परत फुगत नाही, म्हणून जोराचा मार बसलेलं हेल्मेट बाद करायचं, बाहेरून कितीही चकचकीत दिसू दे.

आता तुला वाटेल, मग महागड्यात हा थर्माकोल जास्त चांगला असणार. इथेच खरा प्रश्न आहे. थर्माकोल कडक ठेवायचा की मऊ? मऊ ठेवला तर साध्या पडण्यात डोक्याला कमी झटका बसतो, पण फार जोराच्या आघातात तो पूर्ण चेपून संपतो. कडक ठेवला तर भयंकर आघातही झेलतो, पण नेहमीच्या पडण्यात तो पुरेसा चेपतच नाही आणि झटका डोक्यात जातो. अमेरिकेत स्नेल नावाची संस्था १९५७ पासून हेल्मेटं तपासते. शर्यतीत मरण पावलेल्या पीट स्नेल या चालकाच्या नावाने ती उभी राहिली. तिच्या चाचणीत हेल्मेटच्या एकाच जागी दोनदा मार देत, त्यामुळे त्यात पास होण्यासाठी महागडी हेल्मेटं कडक बनायची. २००५ मध्ये मोटरसायकलिस्ट या तिथल्या मासिकाने वेगवेगळ्या किमतींची हेल्मेटं आपटून पाहिली. डोक्याला सगळ्यात कमी झटका पोचवणाऱ्यांत जेमतेम ऐंशी डॉलरचं हेल्मेट होतं, आणि स्नेलचा शिक्का असलेली कितीतरी महाग हेल्मेटं त्याच्या मागे होती. त्यावर मोठा वाद झाला. पुढे २०१० च्या प्रमाणकात स्नेलनेही झटक्याच्या मर्यादा बदलल्या.

ब्रिटनच्या परिवहन खात्याने २००७ मध्ये शार्प नावाची योजना सुरू केली. बाजारातली हेल्मेटं विकत घ्यायची, वेगवेगळ्या वेगांनी आपटायची आणि एक ते पाच तारे द्यायचे. सगळी हेल्मेटं कायद्याने पास झालेलीच, तरी त्यांच्या संरक्षणात ७० टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो असं त्यांचं म्हणणं आहे. म्हणजे हेल्मेटा-हेल्मेटांत फरक आहे, आणि तो मोठा आहे. पण तो किमतीच्या पट्टीवर बसत नाही. साठ-सत्तर पौंडांच्या हेल्मेटांना पाच तारे मिळालेत आणि कित्येक पट महाग हेल्मेटांना तीन. कोणी किंमत बघून सुरक्षेबद्दल बोलायला लागला की मला ही यादी आठवते.

मग पन्नास हजार कशाचे? तेही प्रामाणिकपणे सांगतो, कारण ते हेल्मेट वाईट नाही, उत्तमच आहे. अराई किंवा शोई या जपानी कंपन्यांचं हेल्मेट हातात घेतलं की कारागिरी कळते. कवच फायबरचं, हलकं आणि मजबूत. एकाच मॉडेलची कवचं वेगवेगळ्या मापांत बनवतात, त्यामुळे लहान डोक्यावर भलंमोठं मडकं ठेवल्यासारखं होत नाही. वाऱ्याचा आवाज कमी येतो, हवा चांगली खेळते, काचेवर धुकं धरत नाही, आतला स्पंज काढून धुता येतो. रोज दोनशे किलोमीटर चालवणाऱ्याची मान आणि कान याने वाचतात, आणि न थकलेला माणूस रस्त्यावर जास्त सावध असतो. या सगळ्याला मोल आहे. पण किमतीत रेसरच्या नावाचं रंगकाम, आयातीचा कर आणि ब्रँडचं नावही आहे, आणि पडल्यावर यातलं काहीच उपयोगी येत नाही.

आणखी एक गैरसमज काढून टाक. "माझी गाडी ताशी शंभरने जाणार, मग हेल्मेटही तसं हवं," असं तू म्हणालीस. युरोपच्या जुन्या प्रमाणकात हेल्मेट सेकंदाला साडेसात मीटर वेगाने ऐरणीवर आपटत, म्हणजे ताशी २७ किलोमीटर. ऐकायला थोडं वाटतं, पण गाडीवरून पडताना डोकं रस्त्यावर वरून खाली येतं आणि तो वेग उंचीवर ठरतो, स्पीडोमीटरवर नाही. मोकळ्या रस्त्यावर घसरत गेलीस तर हेल्मेट आपलं काम करतं. ताशी शंभरने समोरच्या ट्रकला थेट जाऊन धडकलं तर तीनशेचं काय आणि पन्नास हजारांचं काय, कोणत्याही हेल्मेटने तेवढा आघात झेलण्याची अपेक्षा करू नये. खंबाटकी घाटात आणि नवले पुलाच्या उतारावर तुझं खरं हेल्मेट म्हणजे तुझा उजवा हात आणि ब्रेक.

युरोपचं नवीन प्रमाणक, ईसीई २२.०६, मला जास्त पटतं. त्यात कमी वेगाने, मधल्या वेगाने आणि जास्त वेगाने, असं तिन्ही प्रकारे आपटतात, म्हणजे कडक-मऊचा तोल कंपनीला साधावाच लागतो. शिवाय ४५ अंशांत तिरक्या ऐरणीवर हेल्मेट टाकून डोकं किती गरकन फिरतं तेही मोजतात. खरा अपघात बहुधा तिरकाच होतो, आणि मेंदू नुसत्या ठोशापेक्षा अशा फिरण्याने जास्त दुखावतो. पट्ट्यावर शिवलेल्या लेबलवर वर्तुळात ई आणि त्याखाली ०६ ने सुरू होणारा आकडा बघ. असं हेल्मेट, आयएसआयसकट, आपल्याकडे आता चार-साडेचार हजारांपासून मिळतं. माझं बजेट तुझ्यासाठी तेच आहे.

आयएसआय सोडायचं नाही. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. शिक्क्यावर आयएस ४१५१ आणि खाली सीएम/एल नंबर असतो. तो नंबर बीआयएस केअर, म्हणजे आयएसआय शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या ॲपमध्ये टाक, कंपनीचं नाव आणि लायसन चालू आहे की नाही ते लगेच येतं. खोटे शिक्के सर्रास मारतात, म्हणून ही दोन मिनिटं दे. आणि नुसतं डॉट, म्हणजे अमेरिकेच्या परिवहन खात्याचं प्रमाणक, लिहिलेल्या स्टिकरवर जाऊ नकोस. अमेरिकेतसुद्धा डॉटचा शिक्का कंपनी स्वतःच मारते, सरकार नंतर थोडी हेल्मेटं उचलून तपासतं. आपल्याकडे तर ते स्टिकर सुटे विकत मिळतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. सगळ्यात चांगलं हेल्मेट म्हणजे तुझ्या डोक्यावर घट्ट बसणारं. नवीन घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावून दोन्ही हातांनी हेल्मेट डावी-उजवीकडे फिरव. कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे, हेल्मेट एकटं फिरता कामा नये. मग मागच्या कडेला बोटं घालून पुढे ढकल. निघालं तर ते हेल्मेट नको, कितीही महाग असू दे. तुला केसांचा अंबाडा वर बांधायची सवय आहे. त्याने हेल्मेट दोन बोटं वर राहतं आणि कपाळ उघडं पडतं. वेणी खाली, मानेवर घे. पुण्यात मुली आधी स्कार्फ चेहऱ्याभोवती तीन पदरी गुंडाळतात आणि वर हेल्मेट चढवतात, त्याने माप पूर्ण बिघडतं. धुळीसाठी पातळ सुती टोपी घे, फुल फेसची, म्हणजे हनुवटीही झाकणाऱ्या हेल्मेटची, काच बंद ठेव, स्कार्फची गरजच राहत नाही. आणि फुल फेसच घे. हनुवटी उघडी ठेवणारं हेल्मेट जबड्याला काहीच देत नाही.

पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जाईल एवढाच सैल. न लावलेलं हेल्मेट पहिल्या आपटीआधीच उडून जातं. काळी काच घेऊ नकोस, रात्री कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडे काही दिसत नाही. काचेवर चरे पडले की काच बदल, चार-पाचशेचं काम आहे. पेट्रोल किंवा थिनरने कवच पुसायचं नाही, प्लास्टिक कमकुवत होतं. साबणाचं पाणी पुरे.

पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं आणि अजून वाटतं. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातल्या ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलं नव्हतं. तुझ्या ऑफिसात कुणी कोपरात हेल्मेट अडकवून गाडी चालवत असेल तर त्याला तोंडावर सांग. लाजू नकोस.

त्या ५०,०२९ मध्ये १४,३३७ जण मागे बसलेले होते. म्हणून माझं म्हणणं असं, की पन्नास हजारांचं एक घेण्यापेक्षा चांगली दोन घे. एक तुझं, एक मागे बसणाऱ्याचं, तेही आयएसआय आणि फुल फेस. तुझी रूममेट रोज तुझ्या मागे बसते, तिचं माप तिलाच विचार. उरलेल्या पैशांत गाडीचं एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेलं मॉडेल घे, चांगले हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट घे. तरीही तुला ते जपानीच आवडलं असेल, त्याच्या हलकेपणासाठी आणि शांततेसाठी, तर तुझी कमाई आहे, आयएसआय शिक्का बघून खुशाल घे. फक्त ते जास्त वाचवेल म्हणून घेऊ नकोस, आणि ते आहे म्हणून वेग वाढवू नकोस.

शिंप्याची टेप घे, भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती फिरव आणि सेंटिमीटरचा आकडा मला पाठव. तुझाही आणि रूममेटचाही. मी त्या मापाचं आणि त्याहून एक माप लहान अशी पाठवतो. अर्धा तास घरात घालून बस. कपाळावर एकाच जागी दुखलं तर तो आकार तुझ्या डोक्याचा नाही, परत पाठव, दुसरं देतो. आई म्हणते शनिवारी येणार असशील तर बसने ये, हेल्मेट आल्यावर गाडी आण. माझंही तेच म्हणणं आहे.

तुझा,
बाबा