आई, तू इथे काय खाशील

बोलोन्या,
इटली
12 फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रोज फोन होतो, तरी आज पत्र लिहितोय, कारण एक गोष्ट मला फोनवर बोलवेना. तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा ‘जेवलीस का’ एवढ्यावरच गाडी थांबली. म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

आई, दिवाळीला मित्राबरोबर चीजचा जो तुकडा पाठवला होता, तो तुझ्या पोटात जायला नको होता. तू तो किसून मुगाच्या खिचडीवर घातलास आणि ‘छान खारट लागतं रे’ म्हणालीस. ते पार्मिजानो रेज्जानो. त्याचं दूध विरजायला वासराच्या पोटातला रस लागतो, त्याला रेनेट म्हणतात. नियमच तसा आहे, दुसरं काही घातलं तर त्या चीजला ते नाव लावता येत नाही. मला हे माहीत नव्हतं. दुधाचं आहे म्हणजे चालेल, असं मी धरून चाललो. पण माळ तुझ्या गळ्यात आहे आणि पाठवणारा मी होतो, तर चौकशी मी करायला हवी होती. ती केली नाही. चुकलो, आई. तू म्हणशील, अजाणता घडलं, पांडुरंग बघून घेईल. ते तुझ्या बाबतीत खरं आहे. माझा मात्र तो निष्काळजीपणा होता.

कळलं ते सिन्योरांमुळे. मे महिन्यात तुम्हाला बोलवायचं ठरवलंय असं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा लावला, वही घेतली आणि म्हणाल्या, ‘आईला काय काय चालत नाही ते एकेक सांग.’ मांस, मासे, अंडी, दारू असं सांगत गेलो आणि शेवटी म्हणालो, चीज मात्र आवडतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

सिन्योरा म्हणजे माझ्या घरमालकीण. सगळी गल्ली त्यांना तेच म्हणते, म्हणून मीही. तुम्ही त्यांना इटालियनच समजत होता, पण त्या मूळच्या अमेरिकेच्या, पेनसिल्व्हेनियातल्या. 1984 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या इथल्या केंद्रात वर्षभरासाठी शिकायला आल्या, इथल्याच माणसाशी लग्न केलं आणि राहिल्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी मिलानला असते.

स्वयंपाक त्यांना सासूने शिकवला. सासूबाई बोलोन्याची बोली बोलायच्या, सुनेला पुस्तकातली इटालियनसुद्धा धड येत नव्हती, त्यामुळे जे काही शिकणं झालं ते हातांकडे बघून. अमेरिकेत नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्याला लाल भोपळ्याचा ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ करतात. पहिल्या वर्षी यांनी हौसेने बाजारातून भोपळा आणला. सासूबाईंना वाटलं, स्वयंपाकालाच आणलाय. त्यांनी त्याचे काप्पेल्लाच्ची करून टाकले. ही पलीकडच्या फेरारा गावची रीत. आपल्या पुरणाच्या दिंडांसारखं समज, आत भोपळ्याचं सारण, जायफळ आणि चीज. सिन्योरा त्या रात्री खोलीत जाऊन रडल्या. सासूबाईंनी ते ऐकलं असावं, कारण पुढच्या नोव्हेंबरात त्यांनी स्वतः दोन भोपळे आणले, एक स्वतःचा, एक सुनेचा. सासूबाई जाऊन वीस वर्षं होत आली, पण सिन्योरा अजूनही दोनच भोपळे आणतात. यंदा पिशवी मी वर चढवली, तेव्हा ही गोष्ट कळली.

त्यांच्यासमोर ‘इटालियन जेवण’ असं म्हणायची सोय नाही. लगेच विचारतात, ‘कुठलं?’ आणि त्यांचं बरोबरच आहे. खानदेशातलं भरीत आणि मालवणची सोलकढी एकाच पंगतीत बसवून ‘भारतीय जेवण’ म्हटलं तर तुला कसं वाटेल? इथेही तसंच. बोलोन्यात मऊ गव्हाचा मैदा, त्यात अंडी. 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाण्याचा थेंबही नाही. ते पीठ हातभर लांब लाटण्याने इतकं पातळ लाटायचं की पोळी उजेडात धरली तर पलीकडे टेकडीवरचं सान लुकाचं देऊळ दिसलं पाहिजे, अशी इथली म्हण आहे. पोळी फाटली तर टाकून देत नाहीत. वेड्यावाकड्या कापून त्या तुकड्यांना मालताल्याती म्हणतात आणि ते घेवड्याच्या सारात शिजवतात.

बाबा, तुमच्यासाठी एक गणित. त्या पोळीच्या पट्ट्या कापल्या की त्यांना ताल्यातेल्ले म्हणतात. पट्टी किती रुंद असावी यावर वाद नको म्हणून 16 एप्रिल 1972 रोजी इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये माप नोंदवून ठेवलंय, सोन्याच्या पट्टीसकट. शिजल्यावरची रुंदी 8 मिलिमीटर, म्हणजे गावातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. मनोरा 97.2 मीटर आहे. ताळा करून बघा, जवळजवळ जमतो. तुमच्या गळ्यात माळ नाही, तेव्हा तुम्ही ताल्यातेल्ले खाऊ शकता, आई समोर बसून रागावणार नसेल तर.

आईसाठी मात्र बोलोन्या अवघड आहे, ते लपवत नाही. पास्त्यात अंडं, चीजमध्ये ते रेनेट, आणि भाकरीसारखी जी पियादिना मिळते तिच्या पिठात बहुतेक वेळा डुकराची चरबी. चरबीला इथे स्त्रुत्तो म्हणतात. हा शब्द मी तुला पाठ करून घेणार आहे. रिकोत्ताही नको, कारण तो चीजच्याच निवळीतून निघतो. मस्कार्पोने चालेल, ते आपल्या पनीरसारखं आम्लाने फाडतात.

हे सगळं वहीत उतरल्यावर मला वाटलं, आता सिन्योरा म्हणणार की आईला रोज वरणभातच करून घाल. त्या म्हणाल्या, ‘बोलोन्यात नाही ना मिळत, मग बोलोन्याबाहेरचं करू.’

पश्चिमेला जेनोआत फारिनाता मिळतो. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल, बस. तांब्याच्या पसरट परातीत घालून लाकडाच्या भट्टीत भाजतात. तुझं बेसनाचं धिरडंच ते, हळद-मिरचीशिवाय. तुम्ही आलात की आगगाडीने जाऊन भट्टीवरचाच खाऊ. तोस्कानात फार्रो नावाचा गहू पिकतो. त्याचे दाणे मी ओळखले तेव्हा अंगावर काटा आला, बाबा. तो आपला खपली आहे, जातसुद्धा तीच. तिकडे त्याचं घेवडा घालून घट्ट सार करतात. मी घरी गूळ घालून खीर केली. तुमच्या हातच्या खिरीची सर नाही आली, पण सिन्योरांनी दोनदा घेतली.

आणि पुल्या. तो पार दक्षिणेचा, इटलीच्या बुटाच्या टाचेचा भाग. तिथला गहू कडक, बन्सीच्या जातीचा. त्याचा बारीक रवा आणि कोमट पाणी, एवढ्यावर पास्ता होतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी बारी गावच्या. त्या म्हणतात, ‘आमच्याकडे अंडी विकायची असत, खायची नसत.’ चाळीस वर्षं अंड्याची पोळी लाटणाऱ्या सिन्योरा तुझ्यासाठी या आजींकडे शिकायला बसल्या. गेल्या दोन रविवारी मीही शेजारी बसलो.

पीठ पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट. ते झाकून ठेवायचं, मग करंगळीएवढी वळी करायची आणि शेंगदाण्याएवढे तुकडे पाडायचे. बोथट सुरीने तुकडा पाटावर दाबत आपल्याकडे ओढला की तो वळतो. मग अंगठ्यावर टोपीसारखा उलटा घातला की झाला छोटा कान. ओरेकिएत्ते म्हणजे छोटे कानच. आतून गुळगुळीत, बाहेरून खरखरीत, आणि त्या खरखरीतपणात फोडणीचं तेल धरून राहतं. माझ्याकडून पहिले दहा-बारा चपटे झाले. मग सुरी बाजूला ठेवली आणि चिमटीत पीठ घेऊन नुसतं वळत बसलो, तर खाली गव्हले पडायला लागले. ताईच्या लग्नाआधी तू आणि काकू माजघरात बसून गव्हले वळत होतात आणि मी परातीत लुडबूड करत होतो, तेव्हाचं ते बोटांत राहिलं असणार. आजींनी एक उचलून उजेडात धरला, सिन्योरांना दाखवला आणि विचारलं, हा कुणी शिकवला? मी म्हणालो, आईने.

त्या दिवशी ओरेकिएत्ते सलगमाच्या जातीच्या कडवट पाल्याबरोबर खाल्ले, लसूण आणि लाल मिरचीची फोडणी देऊन. एरवी त्यात खारवलेले छोटे मासे घालतात, ते आम्ही घातले नाहीत. मे महिन्यात ती भाजी संपलेली असेल. मग ताजे टोमॅटो, तुळशीच्या जातीचा बासिल, नाहीतर वालासारख्या वाळलेल्या दाण्यांचं घोटलेलं वरण, वर तेलाची धार. शिवाय विन्योलाच्या चेरी महिनाअखेर यायला लागतील.

तेव्हा आता नाही म्हणू नका. आषाढीच्या आधी साताऱ्याला पोहोचवायची जबाबदारी माझी, वारी चुकणार नाही. लिफ्ट आहे, बाबांच्या गुडघ्यांची काळजी नको. सामानात कंदी पेढे, तूप, खवा काही आणू नका, दुधाचे पदार्थ इथे विमानतळावर काढून घेतात. मेतकूट, काळा मसाला चालेल. आणि आई, मूठभर गव्हले आण. दोन्ही बायांनी मुद्दाम सांगितलंय. त्यांना तू वळताना बघायचंय.

काल सिन्योरा बाजारातून नवा लाकडी पाट घेऊन आल्या. जुना पाट सासूबाईंचा, त्याच्यात चाळीस वर्षांची अंडी मुरलीत म्हणाल्या. नवा पाट धुऊन, पुसून, कापडात गुंडाळून त्यांनी कपाटावर ठेवलाय. मे महिन्यापर्यंत त्याला मीही हात लावायचा नाही.

तुमचा,
बाळू