के शिकणाऱ्या मुलास पत्र

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. के या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने तुला पुरतं झपाटलंय, हे पहिल्या चार ओळींतच कळलं. शेवटी रागही दिसला, कारण टीममधल्या सीनियरने तुझा कोड बघून 'हे कोण वाचणार?' एवढंच विचारलं आणि परत पाठवला. मी इतकी वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचत आले आहे, म्हणून यावर मला तुझ्याशी सविस्तर बोलायचं आहे.

आधी तुझ्या बाजूचं. तू पाठवलेलं उदाहरण मी कागदावर सोडवलं. रोजचे भाव ७ १ ५ ३ ६ ४. एकदाच घ्यायचं, नंतर एकदाच विकायचं, तर जास्तीत जास्त फायदा किती? भावांच्या यादीला 'भ' म्हटलं तर तुझी ओळ अशी:

|/भ-&\भ

उजवीकडून वाचत गेले. &\भ म्हणजे त्या त्या दिवसापर्यंतचा सर्वांत कमी भाव: ७ १ १ १ १ १. तो मूळ भावांतून वजा केला: ० ० ४ २ ५ ३. |/ म्हणजे त्यातला सर्वांत मोठा: ५. हेच लूपने, म्हणजे एकेक भाव घेत तीच पायरी फिरवत, लिहिताना दोन व्हेरिएबल, त्यांच्या सुरुवातीच्या किमती, एक अट, आणि त्या अटीत आधी काय बदलायचं याची काळजी. तुझ्या ओळीत फक्त विचार उरला: आज विकायचं झालं, तर आजवरच्या सर्वांत स्वस्त दिवशी घेतलेलं असावं.

त्याहून मला आवडलं ते पुढचं. कमीऐवजी जास्त घे, वजाबाकीची बाजू बदल, |/(|\भ)-भ, आणि शिखरापासूनची सर्वांत मोठी घसरण मिळते. याच भावांवर ती ६ येते, ७ वरून १ वर. बीजगणितात समीकरण हलवावं तसा तू प्रोग्रॅम हलवलास. एपीएल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे जनक केनेथ आयव्हर्सन यांना हेच हवं होतं. १९६२ साली पुस्तकातून मांडलेली त्यांची पद्धत आधी गणिती लिखाणासाठीच होती, यंत्रावर चालणारी एपीएल नंतर आली. १९७९ मध्ये ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वांत मानाचा, घेताना त्यांनी भाषणाचा विषयच हा ठेवला, की लिहिण्याची पद्धत हे विचाराचं हत्यार असतं. आर्थर व्हिटनी यांनी के बांधली ती त्याच परंपरेत.

तेव्हा 'ही चिन्हं वाचता येत नाहीत' हा आक्षेप मला मान्य नाही. न शिकलेली कुठलीही लिपी वाचता येत नाही. केची मूळ चिन्हं वीसेक आहेत. एकदा बसून शिकली की ती सगळ्या प्रोग्रॅममध्ये तीच राहतात.

पण बाळा, तुझ्या सीनियरचा प्रश्न चिन्हांबद्दल नव्हता असं मला वाटतं. तू पाठवलेल्या दुसऱ्या फाइलमध्ये अ, ब, क, ड अशी एकाक्षरी नावं ओळीने आहेत. चिन्हाचा अर्थ मला भाषेच्या माहितीपत्रकात सापडेल, तुझा 'क' मी कुठे शोधायचा? तो ग्राहक आहे, का करार, का कालावधी? हे भाषेने तुझ्यावर लादलेलं नाही. केमध्येही लांब नाव देता येतं. ती त्या गोटातली रीत आहे, आणि उत्साहाच्या भरात तू भाषेबरोबर तीही उचललीस. ती सोड. ओळ लांबली तरी चालेल.

या भाषांवरचा सर्वांत धारदार टीकाकारही काही ऐरागैरा नव्हता. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७२ च्या आपल्या ट्युरिंग भाषणात नाव न घेता एका प्रसिद्ध संवादी भाषेबद्दल सांगितलं, की तिथे एक प्रोग्रॅमर दुसऱ्यापुढे एका ओळीचा प्रोग्रॅम ठेवतो आणि विचारतो, याहून कमी चिन्हांत करून दाखवशील? १९७५ मध्ये नाव घेऊनच लिहिलं, की एपीएल ही पूर्णत्वाला नेलेली चूक आहे. चूक म्हणणं मला पटत नाही. पण कमी चिन्हांच्या चढाओढीबद्दल ते अगदी बरोबर होते, आणि तुझ्या पत्रात 'आणखी तीन अक्षरं वाचवली' हे वाक्य आलंय, म्हणून हे सांगते आहे.

अडचणी आहेत, त्या मोकळेपणाने मान्य कर. १०-४-३ केमध्ये ९ येतं, कारण सगळं उजवीकडून सुटतं. नव्या माणसाचा पाय इथे हमखास घसरतो. # एकट्या यादीपुढे लावलं तर तिची लांबी देतं, डावीकडे आकडा असला तर तितके घटक उचलतं. एरर येते तीही 'टाइप' किंवा 'रँक' अशी एका शब्दात, आणि बिचाऱ्याने लांबलचक ओळीत शोधत बसायचं. वेगाचं म्हणशील तर तो खरा आहे: एकाच प्रकारचे आकडे मेमरीत सलग ठेवलेले, आणि अर्थ लावायचा खर्च प्रत्येक आकड्यामागे न होता अख्ख्या यादीमागे एकदाच. मात्र जिथे पुढची पायरी मागच्या उत्तरावर फाटे फोडत जाते, तिथे ही पद्धत ओढूनताणून बसवावी लागते. तिथे साधा लूप लिही, त्यात कमीपणा नाही.

आणि संशय घेणाऱ्यांचा खरा जोरदार मुद्दा तू पत्रात टाळलास. तुझी ती ओळ पायथॉन भाषेच्या नमपायमध्येही, म्हणजे आकड्यांच्या याद्यांसाठीच्या तयार फंक्शनांच्या संचातही, बिनलूप लिहिता येते, चालत्या किमानासाठी तिथे नावानिशी फंक्शन आहे. म्हणजे अख्ख्या यादीचा एकदम विचार करायला चिन्हंच हवीत असं नाही. मला विचारशील तर शोधताना, खेळवताना, उलटसुलट करून बघताना केच वापर. घसरणीची ती ओळ तुला नावांच्या गर्दीत इतक्या पटकन सुचली नसती. पण टीममध्ये के वाचणारा तू एकटाच असशील, तर सुचलेलं नमपायमध्ये उतरवून दे. तू रजेवर असताना रात्री ते बिघडलं, तर ज्याला उठवतील त्याचाही विचार कर.

एक गोष्ट मात्र मला अजून कळलेली नाही. भावांची यादी रिकामी आली किंवा मधला एखादा भाव गाळलेला असला, तर काय व्हावं हे तुझ्या ओळीत कुठेच लिहिलेलं नाही. सीनियरकडे पुन्हा जाण्याआधी दोन्हीच्या टेस्ट लिही, आणि काय उत्तर आलं ते मलाही कळव.

तुझी,
आई