रंगकामात कुंभारणीचे घरटे फोडू नये

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणपती महिना-सव्वा महिन्यावर आले असून आमच्या देवगड तालुक्यात घरोघरी जाळीजळमटे काढणे, भिंती खरवडणे आणि चुना लावणे सुरू झाले आहे. दाराच्या चौकटीला, वाशाला किंवा तसबिरीमागे चिकटलेले मातीचे गोळे या कामात पत्र्याने उडवून केरात टाकले जातात. हे गोळे म्हणजे कुंभारीण माशीची घरटी असतात. ती काढण्यापूर्वी त्यांना भोक पडले आहे की नाही, एवढे पाहावे, अशी वाचकांना विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वैशाखात आमच्या माजघराच्या चौकटीवर एका कुंभारणीने घर बांधायला घेतले. ओल्या मातीची गोळी तोंडात धरून ती येई आणि गोळी थापताना बारीक आवाजात गुणगुणत राही. गोळी बसली की आवाज थांबे, त्यामुळे तिच्याकडे न पाहताही ती कामावर आली आहे हे घरातल्या सगळ्यांना कळू लागले. दोन दिवसांनी जवळून पाहिले तेव्हा त्या बोटाच्या पेराएवढ्या मातीच्या नळीवर पट्टे दिसले. आधी तांबडा, मग करडा, मग पुन्हा तांबडा. तांबडी माती अंगणातल्या तुळशीजवळची, हे उघडच होते. करडीचा उलगडा मात्र ती परसात भांडी घासण्याच्या दगडापाशी उतरताना दिसली तेव्हा झाला. तेथे वर्षानुवर्षे राखेचे पाणी मुरून माती करडी झालेली आहे. तिने कुठल्या वेळी कुठे खेपा घातल्या, ते सारे त्या भिंतीवर उमटले होते.

नळी पूर्ण झाल्यावर ती कोळी आणू लागली. घरटे बांधणाऱ्या या माश्यांपैकी काही जाती अळ्या साठवतात, आमच्या चौकटीवरची जात कोळ्यांची. नांगीने डंख करून ती कोळ्याला लुळा करते, पण मारत नाही, म्हणून तो दिवसेंदिवस सडत नाही. पूर्वी एकदा झाडताना असे घरटे माझ्याच हातून फुटले होते. त्यातून अकरा लहान कोळी फरशीवर पडले आणि त्यांतल्या दोघांचे पाय अजून हलत होते. त्या दिवसापासून मी कधी बंद घरट्याला हात लावलेला नाही. कोळ्यांवर अंडे घालून ती नळीचे तोंड लिंपते, शेजारी दुसरी नळी बांधते आणि शेवटी सगळ्यांवरून मातीचा जाड हात फिरवते. आतली अळी कोळी खाऊन वाढते, कोश करते आणि माशी होऊन मातीला गोल भोक पाडून बाहेर येते. आई स्वतः मुख्यतः फुलांतल्या मधावर जगते आणि पिलांची तोंडेही पाहत नाही. क्वचित एखाद्या घरट्यातून पाचूसारखी हिरवीनिळी चकाकणारी माशी निघते. ती कुंभारणीची नव्हे, तिच्या घरात चोरून अंडे घालणाऱ्या दुसऱ्या जातीची असते.

मातीत किडा जातो आणि कुंभारीण बाहेर येते, हे आपल्या पूर्वजांनी पाहिले होते. भ्रमरकीटकन्याय त्यातूनच आला. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदूला सांगितलेल्या चोवीस गुरूंमध्ये ही माशी शेवटची आहे. भिंतीत कोंडलेला किडा तिच्या ध्यासाने तिचेच रूप घेतो, असा तो दृष्टान्त. एकनाथांनी याच स्कंधावर टीका लिहून 1573 साली काशीत पूर्ण केली आणि त्यामुळे तो मराठी घरांत पोहोचला. कोंडलेला किडा आतल्या अळीचे अन्न असतो, हे आज आपल्याला माहीत आहे. तरीही एवढ्याशा प्राण्याकडे इतके निरखून पाहणाऱ्या त्या डोळ्यांविषयी मला अतिशय आदर वाटतो. आमची आजी तर कुंभारणीने घर बांधले की घरात पाळणा हलणार म्हणून ते कोणाला काढू देत नसे. समजूत कशीही असो, घरटी तिच्यामुळे वाचत.

ही माशी गांधीलमाशीप्रमाणे पोळे करून राहत नाही, एकटी असते, त्यामुळे घरटे राखण्यासाठी अंगावर धावून येत नाही. मुठीत दाबली गेली तर मात्र डंख करते, हे मुलांना सांगून ठेवावे. कुलपाच्या भोकात किंवा विजेच्या बोर्डात घर केले असेल तर ते काढावेच लागते. चौकटीवरच्या घरट्याची तशी काही अडचण नसते. भोक पडलेले घरटे रिकामे समजून खुशाल काढावे. गोळ्यात एकाहून अधिक नळ्या असतात, म्हणून भोके मोजून घ्यावीत.

आणखी एक गोष्ट मला सलते. आमच्या वाडीत बहुतेक अंगणांत आता फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसले आहेत आणि ज्यांनी ते बसवले त्यांच्याकडे कुंभारीण क्वचितच दिसते. तिला उचलायला ओली मातीच उरलेली नाही. आमच्या शेजारणीने फरशी घातल्यानंतर तुळशीपाशी मातीने भरलेली एक परळ ठेवली आणि रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना ती ओली करायला सुरुवात केली. आठवड्याभरात तिच्या ओटीवर गुणगुण सुरू झाली. आमच्या चौकटीवरच्या गोळ्याला परवापर्यंत तीन भोके पडली आहेत. चौथी नळी अजून बंद आहे, म्हणून रंगाऱ्याला ती चौकट सगळ्यांत शेवटी घ्यायला सांगितले आहे.

आपली नम्र,
एक वाचक, देवगड