सायकल सहलीचा हिशेब पाहुण्याच्या दारापासून व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाने जरा जोर धरला की पन्हाळा, जोतिबा आणि गगनबावड्याच्या रस्त्यांवर शनिवारी-रविवारी सायकलस्वारांचे जथे दिसू लागतात. त्यांतले बरेचसे हल्ली आमच्यासारख्या व्यावसायिकांनी पैसे घेऊन आणलेले पाहुणे असतात आणि या सहलींच्या जाहिरातींत ‘पर्यावरणपूरक’ हे विशेषण हमखास असते. मी स्वतः याच व्यवसायात आहे आणि तो कोल्हापुरात वाढावा असेच मला वाटते. मात्र पाहुणा पायडल मारतो एवढ्या एका गोष्टीवर अख्ख्या सहलीला प्रमाणपत्र देऊन मोकळे होण्याची जी सवय आम्हा व्यावसायिकांना लागली आहे, तिच्याविषयी आपल्या दैनिकातून जाहीरपणे बोलणे मला आवश्यक वाटते.

प्रथम सायकलस्वारांच्या मागून चालणाऱ्या गाडीविषयी. वाघबीळला रत्नागिरीचा रस्ता सोडून पन्हाळ्याची चढण सुरू झाली की दमलेला शेवटचा पाहुणा ताशी सहा-सात किलोमीटरच्या वेगाने चढत असतो आणि त्याच्या पाठीमागे पाण्याचे जार, पंप, सुट्या ट्यूबा आणि सगळ्यांच्या बॅगा भरलेली डिझेल गाडी पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत येत असते. तिच्या मागे एसटी आणि दुचाक्या तुंबलेल्या असतात, ते वेगळेच. दोन दिवसांच्या सहलीत अशी गाडी दोनशे किलोमीटर चालली आणि या संथ चालीमुळे लिटरला आठच किलोमीटर पडले, तर २५ लिटर डिझेल जळते. एक लिटर डिझेलमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एकूण सदुसष्ट किलोच्या आसपास, आणि दहा पाहुणे असतील तर माणशी पावणेसात किलो.

यावर उपाय अवघड नाही. गाडी मागे न ठेवता पुढे पाठवावी आणि ती कळे, साळवण अशा ठरलेल्या थांब्यांवर इंजिन बंद करून उभी करावी. जथ्याच्या शेवटी पंक्चरचे सामान घेतलेला आपला माणूस सायकलवरच असावा. गाडी नेहमीच्या वेगाने धावली की डिझेल कमी लागते आणि रस्ताही मोकळा राहतो. ऊस वाहतुकीच्या हंगामात मात्र हा नियम मी ताणत नाही. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर ज्या रस्त्याने चालतात, त्या रस्त्यावर पाहुण्यांच्या मागे गाडी असणे ही सुरक्षिततेची गरज आहे आणि तिथे डिझेलचा हिशेब बाजूलाच ठेवावा लागतो. खरे तर त्या महिन्यांत अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचेल असाच मार्ग आखावा.

परंतु केवळ या गाडीवर चर्चा करून आम्ही स्वतःची समजूत घालून घेत आहोत. मुंबईचा पाहुणा मागे रॅकवर स्वतःची सायकल बांधून, एकटाच, मोटारीने कोल्हापूरला येतो, तेव्हा जाऊन-येऊन सुमारे साडेसातशे किलोमीटरचे अंतर होते. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तरी ५० लिटर पेट्रोल लागते आणि पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे २.३ किलो धरले, तर तो एकटा सहलीला येण्या-जाण्यातच ११५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. आमच्या गाडीतला त्याचा वाटा पावणेसात किलोचा. म्हणजे ज्या दोन दिवसांची जाहिरात आम्ही करतो, त्यांच्या कितीतरी पट भार त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रवासाचा आहे, आणि या प्रवासाबद्दल आमच्या माहितीपत्रकात ‘आपापल्या सोयीने सकाळी सातला हजर राहावे’ याखेरीज अवाक्षर नसते. हिशेब करायचा तर तो पाहुण्याच्या दारापासून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालेला माणूस सकाळी कोल्हापुरात उतरतो आणि स्थानकापासून पंचगंगेच्या घाटापर्यंतचे अंतर सायकलने सहज जाण्यासारखे आहे. अडचण सायकल आणण्याची आहे. ती पार्सल कार्यालयात नोंदवून सामानाच्या डब्यातून आणता येते. पण लाखभर रुपयांच्या सायकलचा मागचा गिअर प्रवासात वाकेल या धास्तीने लोक ते टाळतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हणून निरनिराळ्या उंचीच्या माणसांना बसतील अशा चांगल्या, वेळच्या वेळी दुरुस्त केलेल्या सायकली इथेच भाड्याने देण्याची तयारी आम्ही व्यावसायिकांनी ठेवली पाहिजे. त्यात भांडवल अडकते, हे खरे आहे. पण रेल्वेने येणाऱ्याला भाड्यात सवलत आणि एकट्याने मोटार आणणाऱ्याला पूर्ण आकार, एवढा फरक दरपत्रकातच दिसला, तर पाहुणे विचार करू लागतात.

कार्बनच्या आकड्यांत न येणाऱ्या गोष्टीही आहेत. राधानगरीकडून चिखलाने माखून आलेल्या सायकली रस्त्याकडेच्या ओढ्यावर उभ्या करायच्या, चेनवर बाटलीतले डिझेल ओतायचे, ब्रशने घासायचे आणि काळे पाणी तसेच वाहू द्यायचे, ही पद्धत सर्रास आहे. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्यांच्या खोऱ्यांतूनच आमचे बहुतेक मार्ग जातात आणि तो ओढा शेवटी पंचगंगेलाच मिळतो. पंचगंगेच्या प्रदूषणावर साखर कारखान्यांना आणि महापालिकेला बोल लावणाऱ्या आपण सायकलवाल्यांनी निदान चेन तरी पत्र्याच्या ट्रेमध्ये धुवावी आणि काळे तेल डब्यात साठवून गॅरेजच्या जळक्या ऑइलबरोबर द्यावे. बाटलीबंद पाण्याबद्दल आता नव्याने सांगण्याची गरज नसावी. त्यापेक्षा चिवट कचरा म्हणजे घाटात चढताना चोखून फेकलेल्या एनर्जी जेलच्या पुड्या. त्याऐवजी शेंगदाणे, गूळ आणि केळी दिली तर पाहुण्यांचे काही अडत नाही, उलट कोल्हापुरी गूळ ते जाताना विकत घेतात.

मसाई पठाराविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. पन्हाळगडाहून विशाळगडाकडे जाणाऱ्या १६६० सालच्या वाटेवरचा हा जांभ्या दगडाचा सडा आहे. त्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्याच बोटभर मातीत रानफुले येतात. जाड टायरची सायकल ओल्या सड्यावरून एकदा गेली की चरा पडतो, दुसरा स्वार त्याच चऱ्यातून जातो आणि पुढच्या पावसात तेथून माती वाहून जाऊ लागते. छायाचित्रे मात्र नेमकी याच जागेची मागितली जातात. माझ्या मते पावसाळ्यात पठारावर सायकल न नेता ती पायथ्याशी ठेवून रुळलेल्या पायवाटेने चालत जावे, आणि हा नियम एकट्या-दुकट्याने पाळून उपयोग नाही. सर्व व्यावसायिकांनी मिळून तो जाहीर करावा. राधानगरी अभयारण्याच्या परिसरात स्पीकर लावून गाणी वाजवणाऱ्या जथ्यांना तर पैसे परत करून घरी पाठवावे, इतक्या कठोर मताचा मी आहे.

मुक्कामाच्या बाबतीत एवढेच सांगतो की शहरातल्या हॉटेलपेक्षा वाटेवरच्या गावातले घर केव्हाही चांगले, पण दर आधी ठरवून आणि आगाऊ रक्कम देऊन. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या हट्टापायी वीस माणसांचे मटण एका घरच्या चुलीवर शिजवायला लावणे आणि वर आंघोळीला बंबभर गरम पाण्याची मागणी करणे, यात त्या घरच्या बाईच्या कष्टांचा आणि जळणाचा हिशेब कोणी धरत नाही. साधी भाकरी, पिठले, ठेचा आणि दही हे जेवण पाहुणे आनंदाने खातात, हा माझा अनुभव आहे.

राधानगरी अभयारण्य २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेले आणि २०२५ साली मराठा किल्ल्यांच्या वारसा यादीत पन्हाळ्याचाही समावेश झाला, त्यामुळे पाहुण्यांची संख्या वाढणार हे उघड आहे. त्या दृष्टीने संबंधित यंत्रणांना माझ्या तीन विनंत्या आहेत. रेल्वेने मुंबई-पुण्याहून कोल्हापूरला येणाऱ्या निदान एका रात्रीच्या गाडीत सायकली उभ्या बांधून ठेवण्यापुरती जागा राखावी. पूर्वी एसटीच्या टपावर सायकल चढवता येत असे. गगनबावडा आणि राधानगरी मार्गांवरच्या सुट्टीच्या दिवसांतल्या मोजक्या फेऱ्यांना तशी सोय पुन्हा द्यावी, म्हणजे एका बाजूने सायकलने गेलेल्या जथ्याला परतीसाठी वेगळा टेम्पो बोलवावा लागणार नाही. आणि जिल्हा प्रशासनाने सायकल सहलींच्या व्यावसायिकांची एक बैठक पावसाळ्यापूर्वी बोलावून पठारे, अभयारण्य आणि पूरकाळात पाण्याखाली जाणारे बंधारे यांबाबतचे नियम लेखी द्यावेत. बैठक ठरल्यास वर मांडलेला इंधनाचा हिशेब आणि दरपत्रकाचा नमुना घेऊन मी हजर राहीन.

आपला,
एक सायकल सहल व्यावसायिक,
राजारामपुरी, कोल्हापूर