पत्त्याबरोबर अधिकारही तपासला जावा

मा. संपादक,

गोव्यात सायबर सुरक्षेची चर्चा पासवर्ड आणि ओटीपी यांपुढे क्वचितच जाते, याची खंत वाटते. सी या प्रोग्रामिंग भाषेतील पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, प्रोसेसरच्या लेखी निव्वळ एक आकडा असतो; १०० बाइटांच्या जागेत १०१वा बाइट लिहिला, तरी प्रोसेसर बहुधा हरकत घेत नाही आणि शेजारची माहिती बिघडते. घुसखोरांचे फावते ते इथेच.

१९६६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डेनिस व व्हॅन हॉर्न यांनी मांडलेली केपेबिलिटीची, म्हणजे पत्त्याबरोबर तो वापरण्याचा अधिकारही बाळगण्याची, कल्पना या दुखण्याच्या मुळाशी जाते. केंब्रिज विद्यापीठ व एसआरआय इंटरनॅशनल यांच्या ‘चेरी’ या प्रोसेसर-रचनेत ६४ बिटांच्या पत्त्यासाठी १२८ बिटांची केपेबिलिटी असते. तिच्यात जागेच्या सीमा व वाचन-लेखनाचे अधिकार नोंदलेले असतात आणि प्रोग्रामला परस्पर चढवता न येणारा एक वेगळा बिट तिचा अस्सलपणा राखतो, त्यामुळे मिळालेले अधिकार कमी करता येतात, वाढवता मात्र येत नाहीत.

चिपची रचना करणाऱ्या आर्म कंपनीचा, चेरीवर आधारलेला मोरेलो हा प्रायोगिक बोर्ड २०२२ मध्ये आला. पण शिकण्यासाठी तोही लागत नाही, कारण चेरीचा एम्युलेटर (साध्या संगणकावर त्या प्रोसेसरची नक्कल करणारे सॉफ्टवेअर) मोफत मिळतो. फर्मागुडीपासून वेर्ण्यापर्यंतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हा विषय प्रयोगशाळेत आणावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, फोंडा