पेटी बाबांनी काढायची नाही

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर सांगता आलं असतं, पण बाबा "बरं, बरं, घे, आईशी बोल" म्हणतात आणि आई आधी जेवलास का ते विचारते, मग माझं राहूनच जातं. म्हणून लिहितोय. आई, तू मोठ्याने वाच. बाबांनी चष्मा शोधत घरभर फिरू नये.

आमच्या ईराने इंजिनिअरिंगची मिळालेली जागा सोडली. चित्रकला शिकायला प्रॉव्हिडन्सला जाणार आहे. पैसे भरून झाले. तुम्हाला न विचारता भरले, हे आठ दिवस मनाला लागून राहिलंय. तुम्ही नाही म्हणाला नसतात, मला माहीत आहे. पण दोघंही रात्र रात्र जागला असतात. तिच्या नावाने तुम्ही ठेवलेल्या एफडीला हात लावलेला नाही, लावणारही नाही. थोडी शिष्यवृत्ती मिळाली आहे, उरलेलं सारा आणि मी बघतोय. तुमचे दर महिन्याचे पैसे, सुमनताईंचा पगार, बाबांची औषधं, यात एका रुपयाचाही फरक पडणार नाही.

मला हे कसं पटलं तेही सांगतो. मार्चमध्ये ईराने मला इथल्या, पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात नेऊन एका चित्रासमोर उभं केलं. 'स्टेडिया २', २००४ सालचं. जवळजवळ नऊ फूट उंच, बारा फूट रुंद. दुरून वाटतं खच्चून भरलेलं स्टेडियम आहे, पताका उडताहेत. जवळ गेलं की त्यातला एकही झेंडा धड कुठल्या देशाचा नाही, आणि मधली ती काळी धांदल जल्लोषाची आहे की काहीतरी फुटल्याची, ते कळत नाही. माझा एकदम घसा दाटून आला. ईरा म्हणाली, "बाबा, ही अदिसची आहे."

ही म्हणजे ते चित्र काढणारी, जुली मेहरेतू. जन्म अदिस अबाबा, १९७०. माझंच वर्ष. वडील इथिओपियन, भूगोलाचे प्राध्यापक. आई अमेरिकन, ज्यू, माँटेसरीची शिक्षिका. १९७७ मध्ये सात वर्षांची पोर घेऊन ते मिशिगनला गेले. आपणही त्याच वर्षी अदिसहून निघालो.

इथिओपियाच्या बादशहाला, हैले सेलासीला, राजवाड्यातून फोक्सवॅगनमध्ये बसवून नेलं ते १९७४ साल मला आठवत नाही, नंतर तुमच्याच तोंडून ऐकलं. पुढचं आठवतं. रात्री आवाज सुरू झाले की आई मला कुशीत घेऊन रामरक्षा म्हणायची आणि 'शिरो मे राघवः पातु'ला माझ्या डोक्यावर हात ठेवायची. सकाळी शाळेत जाताना बाबा कोपऱ्यावर आले की छत्री उघडून माझ्या डाव्या बाजूला धरायचे. पाऊस नसायचा. मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही. सांगलीला आल्यावर तर तो विषयच बंद झाला. बाबा, आज वाटतं, ती छत्री तुम्ही अजूनही धरून आहात.

ही मेहरेतू बाई काय करते ऐका. आधी इमारतींचे, विमानतळांचे, शहरांचे आराखडे शाईने गिरवते. त्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचा थर देते, तो घासून गुळगुळीत करते, मग वर पुन्हा रेषा. खालचं पुसत नाही, ते आतून दिसत राहतं. २०१२ मध्ये तिने 'मोगम्मा' नावाची चार चित्रं केली, पंधरा-पंधरा फूट उंच. नाव कैरोच्या तहरीर चौकातल्या सरकारी इमारतीचं, पण त्या रेषांत अदिसचा आपला मेस्केल चौकही आहे. आई, तू जिथे पिवळी फुलं बघून "अगदी शेवंतीसारखी" म्हणायचीस तो. आणि लष्करी हुकूमशहा मेंगिस्तूने १९७७ मध्ये विरोधकांना धमकावायला रक्तासारख्या लाल पाण्याच्या बाटल्या फोडल्या तोही तोच. पळणारं एकही माणूस न काढता तिने ते सगळं ठेवलंय.

बाबा विचारतील, पोटाचं काय? २०२३ मध्ये तिचं एक चित्र एक कोटी डॉलरच्या वर गेलं, पण ते सांगून तुमची समजूत काढणं मला बरं वाटत नाही. तसं हजारांत एखादीचं होतं. ईरा कदाचित शाळेत चित्रकला शिकवेल. शिक्षकाच्या पगारात आपलं घर चाललंच की. चांगलं चाललं.

लग्नाच्या वेळी तुम्ही विचारलं होतं, मुलं कुणाकडची होणार? तेव्हा मी फार तोडून बोललो. त्याची माफी मागायची राहूनच गेली, आज मागतो. तुमचा प्रश्न काळजीचा होता. ईरालाही शाळेत लोक विचारायचे, तू नक्की कुठली? ती रडत घरी यायची. आता ती त्याच गोष्टीची चित्रं काढते आणि रडत नाही. मला एवढं पुरेसं आहे.

आता ऐका. बाबांनी मीठ कमी म्हणजे अगदी बंद करायचं नाही, मागच्या वेळी सोडियम उतरून काय झालं ते आठवा. बाथरूममध्ये बसवलेला दांडा टॉवेल वाळत घालायला नाही, धरायला आहे. आई, गुडघ्याचे व्यायाम रोज, सुमनताई गेल्यावर नाही, त्या असताना. आणि संध्याकाळी दोघांनी नीट जेवायचं, दूध-पोह्यावर भागवायचं नाही.

डिसेंबरात आम्ही तिघंही येतोय, तीन आठवडे. ईराला बाबांचा अदिसचा नकाशा हवाय, पेटीतला, ज्यावर तुम्ही टाळायच्या रस्त्यांवर लाल पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या. तिला तुमच्या शेजारी बसून एकेका फुलीचं विचारायचंय. जमेल तेवढंच सांगा. नाही जमलं तर नुसता नकाशा दाखवा. मीही तिथेच बसेन.

पण पेटी माळ्यावर आहे आणि स्टुलाचा एक पाय हलतो. बाबांनी चढायचं नाही. आई, तूही नाही. मी आलो की काढेन.

तुमचा,
नंदू