दिसलं काय आणि वाटलं काय

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "तिसरीत सध्या काय चाललंय त्यांचं?" आणि मी "नेहमीचंच" म्हणून विषय संपवला. नंतर चुटपुट लागून राहिली. जन्मभर प्राथमिकचे वर्ग घेतलेल्या बाईला असं उत्तर द्यायचं नसतं. दर बुधवारी सकाळी मी तुझ्या नातीच्या वर्गात तासभर मदतीला जाते, तिथे पाहिलं ते लिहिते.

अमेरिकेत शाळेचं वर्ष उन्हाळ्याच्या तोंडावर संपतं, म्हणजे वसंत हा वर्षाचा शेवटचा टप्पा. एप्रिलच्या सुरुवातीला वर्गात झाकणाचा एक पारदर्शक डबा आला. तळाशी खाद्य आणि त्यावर पाच बारीक सुरवंट, पेंटेड लेडी नावाच्या फुलपाखराचे. हे फुलपाखरू आपल्याकडेही सापडतं, तू नक्की पाहिलं असशील. मुलांच्या वहीत पानाच्या मधोमध एक रेघ मारलेली असते. डावीकडे 'मला दिसलं', उजवीकडे 'मला वाटतं'. रोज तारीख घालून दोन्ही बाजू भरायच्या. वर्षभरात पाहिलेल्या सगळ्यात मला ही रेघ सर्वांत मोलाची वाटते.

दोनेक आठवड्यांत सुरवंट झाकणाला उलटे लटकले, गळासारखे वाकले आणि त्यांचे कोश झाले. मग आठवडाभर काहीच नाही. त्या दिवसांत डाव्या बाजूला 'कालच्यासारखंच' लिहायची परवानगी नव्हती. रंग बघ, मापून बघ, डबा हलल्यावर कोश हलतो का ते बघ, असं बाई म्हणायच्या. (तो हलतो. डिवचलं की थरथरतो!) पहिलं फुलपाखरू बाहेर आलं तो नेमका बुधवार होता. जाळीवर लाल डाग पडले आणि आपल्या लेकीने डावीकडे लिहिलं, 'रक्त आलं.' डोळे भरले होते तिचे. बाई जवळ बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तुला रक्त दिसलं की लाल थेंब दिसले?" तिने बराच वेळ पाहिलं, 'रक्त' खोडलं, 'लाल पाणी' लिहिलं आणि 'रक्त असेल का?' हा प्रश्न उजवीकडे नेला. ते रक्त नव्हतंच. कोशात असताना साठलेला मळ फुलपाखरू बाहेर पडल्यावर टाकून देतं, तो तसा लाल असतो. पण बाईंनी ते दुसऱ्या दिवशी सांगितलं, सगळ्यांचं 'वाटतं' लिहून झाल्यावर. माझ्याकडून तर लगेच सांगितलं गेलं असतं.

गणितात अपूर्णांक चालू आहेत, आणि इथे मला तुझं मत हवंय. आम्हाला तू एक आकृती काढून तिचे भाग रंगवायला द्यायचीस. इथे त्याच्यापुढे जाऊन अपूर्णांक संख्यारेषेवर बसवायला लावतात. 0 आणि 1 यांच्यामध्ये 1/4 कुठे? 1/8 त्याच्या अलीकडे की पलीकडे? आठ मोठे म्हणून 1/8 मोठा, असं निम्म्या वर्गाला वाटलं. मग प्रत्येकाने सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या घेऊन घड्या घातल्या. जितक्या घड्या जास्त, तितका भाग लहान, हे हातालाच कळलं. परवा एका मुलाने 4/3 ची खूण 1 च्या पुढे केली आणि आपलं चुकलं असं समजून खोडायला लागला. बाईंनी त्याला फळ्यापाशी बोलावून पटवून द्यायला सांगितलं. तीन तृतीयांशांना एक पूर्ण होतो, चौथा पुढेच जाणार, असं तो बोलत गेला तसा त्याचा आवाज मोठा होत गेला. रंगवलेल्या आकृतीत अपूर्णांक म्हणजे कशाचा तरी तुकडा राहतो. रेषेवर तो स्वतःच संख्या होतो, त्याला स्वतःची जागा मिळते. तू वर्गात संख्यारेषा कितवीपासून घ्यायचीस?

एप्रिल हा इथे कवितेचा महिना, 1996 पासून पाळतात. रोज एक कविता मोठ्याने वाचतात, एक स्वतः लिहितात. तिची कोशावरची कविता सोबत पाठवते आहे, म्हणून तिच्याबद्दल काही लिहीत नाही.

एका गोष्टीने मात्र जीव तुटतो. कायद्याप्रमाणे तिसरी ते आठवी दर वर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा असते. विज्ञानाची दर वर्षी नसते. त्यामुळे परीक्षा जवळ आली की पहिला बळी विज्ञानाच्या तासाचा जातो. ऐन कोश उमलायच्या दिवसांत मुलं सराव प्रश्नपत्रिका सोडवत होती. आठ वर्षांची मुलं ती, एका डोळ्याने जाळीकडे बघत होती. मी शाळेला तसं लिहून कळवलं आहे.

चार फुलपाखरं नीट निघाली. पाचव्याचा एक पंख चुरगळलेलाच राहिला. बाहेर आल्यावर अंगातला द्रव पंखांच्या शिरांत भरून ते ताठ करावे लागतात, तेवढं त्याला जमलं नाही. चौघांना शुक्रवारी ऊन पडल्यावर सोडणार आहेत. पाचवं जाळीतच राहील आणि मुलं पाळी लावून त्याला साखरपाणी देतील. तुझ्या नातीची पाळी सोमवारी आहे. एक रिकामा कोश तिने बाईंकडून मागून आणलाय, कापूस घालून डबीत ठेवलाय. तू आलीस की तुला भिंगातून दाखवणार आहे. तोवर डबीला कोणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही.

बाबांना सा. न.

तुझी लेक